गाडीवरची थंडी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाला दोन शब्द बोलावेत अशी आपल्या चिटणीसबाईंनी मला आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा प्रश्न पडला. मोठमोठ्या विषयांवर बोलणाऱ्या विदुषी आपल्याकडे येतच असतात. मी जन्मभर आरोग्यसेविका. खेड्यापाड्यांतून लेकरांना लस टोचीत आणि बाळंतिणींची विचारपूस करीत माझी नोकरी झाली, आणि तीही बरीचशी दुचाकीवर. म्हणून मी ठरविले की, जे आपण रोज डोळ्यांनी पाहतो आणि ज्याचा विचार मात्र कोणी करीत नाही, त्यावरच बोलावे. तो विषय म्हणजे थंडीच्या दिवसांत मोटारसायकलवरून लांबचा प्रवास करताना अंगातली ऊब कशी राखावी.

काही जणी हसल्या, ते मी पाहिले. गाडी चालविणारे घरचे पुरुष, मग हे व्याख्यान बायकांना कशाला, असे मनात आले असेल. त्याचे उत्तर मी पुढे देणारच आहे. आधी आपल्या दारासमोरचा रस्ता पाहा. विष्णुपुरीवरून जाणारा हा नांदेड-लातूर रस्ता मार्गशीर्ष लागला की पहाटेपासून वाहू लागतो. वद्य चतुर्दशीपासून माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. येथून पन्नास-साठ किलोमीटर अंतर. घोडी, गाढवे, उंट यांचा बाजार पाहायला आणि देवाची तळी भरायला माणसे गाड्यांवरून लोटतात. पाठोपाठ अमावस्या, म्हणजे आपली वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूरकडची आणि आपल्याकडची किती घरे उंडे, भज्जी, आंबील बांधून शेताकडे निघतात! पोराबाळांसकट सारे घर एका गाडीवर. जाताना ऊन असते, परतताना दिवस मावळलेला असतो. दिवाळीला पुण्याहून नोकरीची मुले साडेचारशे किलोमीटर गाडी मारीत रातोरात घरी येतात. याशिवाय रोजचे दूधवाले, पहाटपाळीचे कामगार, शिक्षक आणि आमच्या नर्सबाया आहेतच.

आता पहिला मुद्दा. आपल्याकडे एक बोलणे फार ऐकू येते. "आपली कसली आली थंडी? काय काश्मीर आहे का?" खरे आहे, येथे बर्फ पडत नाही. मराठवाडा उन्हाळ्यासाठीच प्रसिद्ध. परंतु डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली म्हणजे पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली जातो, हेही आपण दरवर्षी अनुभवतो. आणि गाडीवरच्या माणसाला जी थंडी लागते ती पाऱ्यात दिसतच नाही. ती वाऱ्याने लागते. हा वारा निसर्गाचा नसतो, आपली गाडीच तो उत्पन्न करते. अंगणात पान हलत नसेल तरी साठच्या वेगाने जाणाऱ्या माणसाच्या छातीवर ताशी साठ किलोमीटरचा वारा आदळत असतो. अंगणात उभे राहून "आज फार थंडी नाही" म्हणणारा माणूस आणि गाडीवर बसलेला माणूस, हे दोघे दोन निरनिराळ्या हवामानांत असतात.

याचा हिशेब शास्त्रज्ञांनी केलेला आहे. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल हे दोन अमेरिकन संशोधक अंटार्क्टिकात, दक्षिण ध्रुवाकडे, मुक्कामाला होते. १९४१ च्या हिवाळ्यात त्यांनी पाण्याने भरलेली लहानशी प्लास्टिकची नळकांडी वाऱ्यात टांगून ते पाणी गोठायला किती वेळ लागतो हे मोजले. वारा जितका जोराचा तितके पाणी लवकर गोठे. त्यांचा हा अभ्यास १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि माणसाच्या चेहऱ्यावर प्रयोग करून २००१ मध्ये त्याचे सूत्र सुधारण्यात आले. त्या सूत्राने आपल्या पहाटेचा हिशेब केला तर असे निघते की, दहा अंशांची हवा आणि साठचा वेग असेल तर उघड्या कातडीला सुमारे पाच अंशांची थंडी वाजते. हवा पाच अंशांची असेल तर तीच थंडी शून्याच्याही खाली दोन अंश जाते. वाऱ्याने आपले बोट हवेपेक्षा गार होत नाही, हे खरे. परंतु अंगातली ऊब मात्र तेवढ्या झपाट्याने निघून जाते. चुलीवरून उतरविलेले दूध आपण फुंकर घालून निववितो ना, तसाच हा प्रकार. तासभर कोणी आपल्यावर फुंकर घालीत बसले आहे असे समजा.

दुसरा मुद्दा असा की या थंडीने नेमके बिघडते काय? "काकडलो, पण पोचलो" असे म्हणून आपण विषय सोडून देतो. परंतु बिघाड वाटेतच होत असतो. आपल्या शरीराला ३७ अंशांच्या आसपास ऊब लागते, ती मुख्यतः काळीज, फुप्फुसे आणि मेंदू यांना. बाहेर गारठा झाला म्हणजे शरीर शहाण्या गृहिणीसारखे वागते. धान्य तुटीचे असले की ती आधी लेकरांचे ताट भरते, तसे शरीर रक्त आत ओढून घेते आणि हातापायांकडचा पुरवठा कमी करते. म्हणून प्रथम बोटे पांढरी पडतात, मग मुंग्या येतात, मग ती आखडतात. आता हे ध्यानात घ्या की मोटारसायकलचे सारे बोटांवर आहे. ब्रेक बोटांत, क्लच बोटांत, गतीची मूठ तळहातात. ताशी साठ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. आखडलेल्या बोटांनी ब्रेक दाबायला अर्धा सेकंद जरी उशीर झाला तरी गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. उसाने भरलेली ट्रॉली दिव्यावाचून रस्त्याकडेला उभी असते, तेव्हा हे आठ मीटर म्हणजे काय, ते सांगायला नको.

बोटांनंतर पाळी येते डोक्याची. फार वेळ थंडी खाल्लेला माणूस मंद होतो. बोलणे जड होते, हात चुकतात, आणि गंमत अशी की त्याला स्वतःला ते कळत नाही. "थांबायचे का?" असे मागून विचारले तर तो चिडून "आता आलेच गाव" म्हणतो. अंगाची आतली ऊब ३५ अंशांच्या खाली गेली तर तो आजारच समजला जातो. तेव्हा मागे बसणाऱ्या बहिणींनो, तुमचा माणूस बोलेनासा झाला, शब्द अडखळू लागले, गाडी उगाच डावी-उजवी होऊ लागली, तर त्याच्याशी वाद न घालता पाठीवर थाप मारून गाडी उभी करायला लावा. थंडीने मंद झालेल्या माणसाच्या वतीने मागच्याने विचार करायचा असतो.

आता उपाय. उपायाचे तत्त्व आपल्या घरातच आहे. आपण वाकळ शिवतो. जुनी लुगडी एकावर एक घालतो, टाके घालतो, आणि ती वाकळ नव्या रग्गाच्या तोंडात मारते. असे का? कापडात स्वतःची ऊब नसते. थरांच्या मध्ये हवा अडकून राहते, आणि अडकलेली, न हलणारी हवा ऊब बाहेर जाऊ देत नाही. एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ कपडे अधिक ऊब देतात ते याच कारणाने. धनगराच्या घोंगडीचे मर्मही तेच. लोकरीचे धागे कुरळे असतात, त्यांच्या पोटात हवा दडून बसते, आणि घोंगडी थोडी ओली झाली तरी ती ऊब धरते. सुती कापडाचे तसे नाही. सुती कापड भिजले की अंगाला चिकटते आणि हवेची जागा पाणी घेते. पाणी हवेच्या पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून घामाने किंवा दवाने ओलावलेला बनियन घालून थंडीत गाडीवर बसू नये.

परंतु वाकळीची एक उणीव आहे. तिच्यातून वारा जातो. लोकरीच्या स्वेटरातूनही जातो. घरात स्वेटर पुरतो आणि गाडीवर पुरत नाही, तो यासाठी. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. चाळीसच्या वेगाला जो रेटा असतो त्याच्या सव्वादोन पट साठला असतो, आणि तो स्वेटरच्या विणीतून आत शिरून दडलेली ऊब हाकलून देतो. म्हणून गाडीसाठी दोन गोष्टी हव्यात. आत वाकळीसारखे थर, आणि सर्वांच्या बाहेर वारा अडविणारे एक पांघरूण. घराला भिंती असतात तसेच दारही लागते. दार लावले नाही तर भिंतींचा काय उपयोग? हे बाहेरचे दार म्हणजे रेक्झिनचे जाकीट, चामड्याचा कोट, आणि काहीच नसेल तर पावसाळ्यातला रेनकोट. रेनकोट आपण दसऱ्याला घडी करून माळ्यावर टाकतो. तो महाशिवरात्रीपर्यंत खाली असू द्या, इतकेच माझे सांगणे.

वाटेत अडचण आली आणि रेनकोटही नसेल तर वर्तमानपत्र आहे. सात-आठ पाने घडी करून सदऱ्याच्या आत छातीवर ठेवावीत. ही केवळ गरिबाची युक्ती नाही. फ्रान्समध्ये सायकलींची जी जगप्रसिद्ध शर्यत होते, तिच्यातले स्वारही डोंगरमाथ्यावर पोचले की उतारावरच्या वाऱ्यासाठी छातीशी वर्तमानपत्र खुपसत असत. घामाने भिजलेल्या छातीला वारा लागू नये म्हणून.

आता डोक्यापासून पायांपर्यंत थोडक्यात सांगते. डोक्यावर शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट, आय.एस.आय. खुणेचे, आणि हनुवटीखालचा पट्टा बांधलेला. त्याची काच खाली ओढली की चेहऱ्याचा गारठा निम्मा जातो. आत पातळ सुती किंवा लोकरी टोपी चालेल. जाड कानटोपी घालून वर हेल्मेट कोंबू नये, कारण मग ते डोक्यावर नीट बसत नाही आणि ऐन वेळी निसटते. गळ्याला मफलर असावा, परंतु त्याची टोके कोटाच्या आत खोचलेली असावीत. लोंबणारा मफलर हा गळ्याला लावलेला फासच होय. हातांत लोकरीचे मोजे आणि त्यांवर वारा न शिरणारे रेक्झिनचे किंवा चामड्याचे मोजे. मात्र ते इतके जाड नसावेत की ब्रेकचा दांडा बोटांना कळू नये. उत्तरेकडे कडक थंडीत गाडीच्या मुठींनाच पिशवीसारखे आच्छादन बांधतात आणि त्यात हात घालून गाडी चालवितात. तेही उत्तम. पायांत चप्पल नको, बूट हवेत. बूट फाटका असेल तर मोज्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून मग बूट घालावा. गुडघ्यांना वारा थेट लागतो, आणि संधिवाताच्या माणसाला तो चार दिवस पुरतो. म्हणून विजारीच्या आत दुसरी विजार घालावी.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी हातापायांची विशेष काळजी घ्यावी. त्यांच्या पायांची संवेदना पुष्कळदा कमी झालेली असते, त्यामुळे पाय गार पडला हे त्यांना कळत नाही. हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी तर पहाटेचा लांबचा प्रवास टाळलेलाच बरा, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब वाढतो.

भगिनींनो, आता मी मघाच्या प्रश्नाकडे येते. हे बायकांना कशाला? गाडी चालविणाऱ्याला घरातून जाकीट मिळते, मोजे मिळतात, हेल्मेट मिळते. आपणच ते काढून देतो. आणि मागे बसणारी स्वतः काय घालते? पातळ, त्यावर एक शाल, पायांत चप्पल. ती एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसते, त्यामुळे एक खांदा, एक मांडी आणि दोन्ही पावले सगळ्या वाटभर वाऱ्यात असतात. वारा खालून परकरात शिरतो. एका हाताने तिने दांडी धरलेली, दुसऱ्या हाताने लेकरू. पदर सावरायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. घरातल्या सर्वांच्या उबेचा विचार जिने केला तिचाच विचार कोणी केलेला नसतो. आणि तिची बोटे आखडली तर तीही गाडीवरून पडते, हे आपण विसरतो.

म्हणून मागे बसणाऱ्या बाईने काय करावे ते नीट ऐका. साडीच्या आत सलवार किंवा घरातली जुनी विजार घालावी. यात लाजण्यासारखे काही नाही, शेतात काम करताना आपण नवऱ्याचा सदरा घालतोच की! पायांत मोजे आणि बंद बूट. शाल पांघरू नये. शाल उडते, वारा आत घेते, आणि चाकात गेली तर अनर्थ करते. शालीऐवजी स्वेटर आणि त्यावर रेनकोट किंवा जाकीट घालावे, पदर कमरेला घट्ट खोचून वर जाकिटाचे बंद लावावेत. शक्य असेल तर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे, म्हणजे तोलही राहतो आणि चालविणाऱ्याच्या आडोशाला सगळे अंग येते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मागच्या माणसासाठी धरायला दांडी, पाय ठेवायला आधार आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी, या तीन गोष्टी गाडीला असल्याच पाहिजेत. कित्येक मुले गाडी देखणी दिसावी म्हणून ती जाळी काढून टाकतात. आपल्या घरच्या गाडीला जाळी आहे की नाही, हे आज घरी गेल्यावर पाहा. आणि हेल्मेट मागच्यालाही हवे. कायद्यात चार वर्षांवरील प्रत्येकाला ते सक्तीचे आहे.

आता लेकरांविषयी. येथे मी माझ्या नोकरीतली एक हकीकत सांगते. गावाचे आणि माणसांचे नाव सांगत नाही. पौषातली पहाट होती. एक जोडपे तीस-बत्तीस किलोमीटरवरून गाडीवर उपकेंद्राच्या दारात आले. बाईला ताप होता, तिला दाखवायचे होते. कडेवर सात-आठ महिन्यांचे लेकरू, सुती चादरीत गुंडाळलेले. मी सहज चौकशी केली, तर ती माउली कौतुकाने म्हणाली, "लेकरू लय गुणाचं आहे बघा, सिस्टर. वाटंत एकदाबी रडलं नाही." ते ऐकून माझ्या पोटात धस्स झाले. चादर उलगडली. खालचे फडके ओले. पावले गार, आणि पोटावर हात ठेवला तर पोटही गार. लेकराचे नुसते हातपाय गार लागले तर फारसे घाबरायचे कारण नसते. पोट आणि छाती गार लागली तर तो धोका समजावा. ओले कपडे काढले, आईचा ताप साधाच होता म्हणून तिच्या उघड्या छातीशी लेकरू लावले, डोक्याला टोपी घातली आणि दोघांवर घोंगडी पांघरली. गाडी मागविली. अर्ध्या-पाऊण तासाने लेकराने हातपाय हलविले आणि टाहो फोडला. बाप ओट्यावर बसला होता, तो तेव्हा रडला. मग मोठ्या दवाखान्यात पाठविले, आणि चार दिवसांनी तिघे धडधाकट परत आले.

ही छातीशी धरण्याची रीत आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होती. १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरी डॉक्टर एडगार रे यांनी काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत म्हणून कमी दिवसांची बाळे आईच्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारू पद्धत म्हणून ती आज जगभर शिकवितात. आईच्या अंगासारखी शेगडी नाही.

लहान लेकरू मोठ्या माणसापेक्षा लवकर गारठते. त्याच्या वजनाच्या मानाने त्याची कातडी अधिक, डोके मोठे, आणि तान्ह्या बाळाला तर कुडकुडून ऊब आणणेही जमत नाही. म्हणून गाडीवर गप्प झालेले लेकरू झोपले असे गृहीत धरू नका. गाडी थांबवा आणि त्याच्या पोटाला हात लावून पाहा. टाकीवर पुढे बसविलेल्या मुलाला सगळा वारा थेट लागतो. थंडीत मुलाला पुढे बसवू नये. चार वर्षांखालच्या मुलांसाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये नियम काढला आणि तो २०२३ पासून लागू आहे. लेकरू पट्ट्याने चालविणाऱ्याशी बांधलेले असावे, नऊ महिन्यांवरच्या मुलाला हेल्मेट असावे, आणि गाडीचा वेग ताशी चाळीसच्या वर नसावा. चाळीसच्या वेगाने वाराही कमी लागतो, म्हणजे हा नियम थंडीलाही उपयोगी पडतो. तथापि माझे स्पष्ट मत विचाराल तर, तान्हे लेकरू घेऊन थंडीच्या पहाटे गाडीवर लांब जाऊच नये. कायद्यानेही गाडीवर चालविणाऱ्याशिवाय एकच माणूस बसायचा असतो. माळेगावच्या यात्रेला एस.टी. जादा गाड्या सोडते, आणि २०२३ पासून बायकांना तिकीटही अर्धे आहे. देव काही पहाटे चारलाच भेटतो आणि दहाला भेटत नाही, असे नाही.

त्यावरूनच वेळेचे सांगते. दिवसातली सर्वांत कडक थंडी मध्यरात्री नसते, सूर्योदयाच्या सुमारास असते. रात्रभर जमीन निवत जाते आणि गार हवा जड असल्याने सखल जागी साचते. म्हणून ओढ्यानाल्यांच्या पुलांवर एकाएकी गारठा अंगावर येतो. आपल्या येथे गोदावरी आहे, प्रकल्पाचा जलाशय आहे, त्यामुळे पहाटे धुकेही दाटते. तेव्हा सर्वांत स्वस्त स्वेटर कोणता म्हणाल, तर दोन तास उशिरा निघणे. त्याला पैसा लागत नाही. परतताना दिवस मावळायच्या आत घर गाठावे. वेळ अमावस्येला आंबील पिऊन मंडळी लिंबाखाली सुस्तावतात आणि मग अंधारात निघतात. त्यांना वेळेवर उठविणे आपल्या हाती आहे.

निघण्यापूर्वी पोटात काहीतरी असावे. अंगातली ऊब ही अन्नाचीच असते. उपाशीपोटी कुडकुडणारे शरीर चुलीत सरपण नसताना फुंकर घालण्यासारखे आहे. आपल्याकडे भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि संक्रांतीला तीळगूळ, ही थंडीची व्यवस्थाच होय. एक-दोन भाकऱ्या, धपाटे, शेंगदाणे, गूळ बरोबर द्यावे. दर चाळीस-पन्नास किलोमीटरला थांबावे. चहा घ्यावा, त्याने ऊब थोडीच येते, परंतु थांबणे घडते. दोन्ही हात गोल फिरवावेत, म्हणजे रक्त बोटांकडे जाते. मग ते काखेत धरावेत. बधिर झालेले हात सायलेन्सरवर किंवा शेकोटीच्या फार जवळ नेऊ नयेत. कातडीला चटका कळत नाही आणि फोड येतात. ऊब येते म्हणून काहीजण दारूचा घोट घेतात. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, क्षणभर गरम वाटते, आणि आतली ऊब उलट बाहेर निघून जाते. डोके फिरते ते निराळेच. बिडी-तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे आखडलेली बोटे अधिकच आखडतात.

इतके करूनही कोणी गारठून दारात आले तर काय करावे? आडोशाला न्यावे. ओले कपडे काढून कोरडे घालावेत. घोंगडी, वाकळ पांघरावी, आणि ऊब प्रथम छातीला, पाठीला द्यावी. शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा किंवा दूध घोटघोट द्यावे. हातपाय खसाखसा चोळू नयेत. माणूस बरळत असेल, कुडकुडणे थांबून गुंगीत जात असेल, किंवा लेकराचे पोट गार असेल तर वेळ न दवडता १०८ क्रमांकावर फोन करावा. आपल्या विष्णुपुरीत तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. खेड्यातल्या बहिणींना ते सुख नाही, म्हणून आपण अधिक शिकून त्यांना सांगितले पाहिजे.

शेवटी एक सूचना मांडते. व्याख्यान ऐकून टाळ्या वाजवून घरी गेलो तर थंडी काही कमी होत नाही. आपल्या मंडळाच्या शिवणवर्गात यंत्रे आहेत आणि हात आहेत. आपण छातीबंद शिवावेत. आत जुन्या लुगड्याचे दोन थर, मध्ये विटलेल्या स्वेटरचा किंवा घोंगडीचा तुकडा, बाहेरून फाटलेल्या रेनकोटाचे किंवा रेक्झिनचे कापड. गळ्यापासून बेंबीखालपर्यंत लांब, दोन्ही बरगड्या झाकतील इतके रुंद, आणि मानेवर व पाठीवर बंद, त्यांची टोके आत खोचता येतील अशी. त्याच कापडाची मुठींची आच्छादने करावीत. ती बांधल्यावर हात सहज आतबाहेर जातो की नाही, ब्रेकचा दांडा पुरता दाबला जातो की नाही, आणि मूठ सोडली की गती आपोआप उतरते की नाही, हे गाडी उभी असतानाच पाहावे. यांपैकी एकही गोष्ट अडली तर ते आच्छादन वापरू नये. मोठ्यांसाठी वीस आणि मुलांसाठी दहा छातीबंद मंडळात ठेवावेत. माळेगावला किंवा शेतावर जाणाऱ्या कुटुंबाने ते न्यावेत, धुऊन परत करावेत. आणि नियम एकच असावा की घरात एक छातीबंद दिला तर पहिला मागे बसणारीच्या अंगावर चढला पाहिजे, चालविणाऱ्याने जाकीट घातलेलेच असते.

मी माझ्याकडून दोन जुनी लुगडी आणि एक घोंगडी आणली आहे, ती चिटणीसबाईंच्या स्वाधीन करते. बाकीचे आपण पाहावे.